टिपरे पुन्हा, एका वेळी एकच माणूस

आमच्या मित्रमंडळींचं 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका पुन्हा बघणं चालू आहे आणि आता नंबर टिपऱ्यांच्या सुनेचा, श्यामलाचा आहे. नव्याने सामील झालेल्यांसाठी नियम सांगतो. भाग लावायचा, घरातलं एक माणूस निवडायचं आणि भागभर नजर त्याच्यावरच ठेवायची, बोलत दुसरं कुणी असलं तरी. पहिली पाळी अर्थात आजोबांची, म्हणजे आबांची होती. ती करतानाच माझं मत पक्कं झालं की ही मालिका ऐकणाऱ्यांच्या जोरावर उभी आहे. वाक्य एक जण बोलतो, पण हसू येतं ते ज्याला ऐकून घ्यावं लागतं त्याच्याकडे बघून.

आबांचंच घ्या. घरात चकमक चालू असते तेव्हा आबा झालेले दिलीप प्रभावळकर जवळजवळ काहीच करत नाहीत. मान जराशी कलते, बोलावं की गप्प राहावं हे ओठांवर दिसतं आणि तिथेच राहतं. २००१ साली अल्फा मराठीवर (आताची झी मराठी) मालिका सुरू झाली तेव्हा ते ५७ वर्षांचे होते, म्हणजे आबांच्या वयाला पोचायला त्यांना अवकाश होता. ते म्हातारपण त्यांनी वेगातून आणलं आहे. आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी टिपलेलं बारकाईचं निरीक्षण: "आबा उठतात तेव्हा आधी विचार उठतो, मग गुडघे." मी ते वहीत ठळक अक्षरात लिहून ठेवलं आहे.

यावरून 'हसवाफसवी'ची चर्चा निघाली नसती तरच नवल. त्या नाटकात प्रभावळकर सहा भूमिका करत, त्यातले कृष्णराव हेरंबकरही वृद्धच. काकांचं म्हणणं, दोन्ही म्हातारे एकाच घडणीचे. मला हे अजिबात पटत नाही. हेरंबकरांना समोर प्रेक्षक दिसतात, आबांना समोर घरची माणसं दिसतात, त्यामुळे दोघांची नजरच वेगळी आहे. शेवटी डोंबिवलीच्या मैत्रिणीने वाद मिटवला: "दोघांचं सोडा, आबा चिडले की मला आतून 'ओम फट् स्वाहा' ऐकू येतं!" १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आणि आबा एकाच नटाचे, हे माहीत असूनही आम्ही सगळे खो खो हसलो. त्यानंतर आबांच्या प्रत्येक रागावर कुणीतरी हळूच "फट्" म्हणतंच.

आबांच्या मुलाची, शेखरची पाळी लवकर आटोपली. शेखर झालेले राजन भिसे नेपथ्यकारही आहेत हे कळल्यापासून एक विनोद मात्र कायमचा चिकटला: शेखर वैतागून खोलीभर बघतो तेव्हा तो मनात भिंतींची मापं घेत असतो.

आता श्यामला. खरा खजिना इथे आहे. शुभांगी गोखले संवाद म्हणताना हातातलं काम सोडत नाहीत, आणि काम थांबलं की समजावं, आता कुणाची तरी खैर नाही. आमच्यातल्या वहिनींनी हे सगळ्यात आधी ओळखलं. आवाज चढायच्या आधी हात थांबतो. हे एकदा दिसलं की दर भागात त्या क्षणाची वाट बघायला लागते. पुढे 'लापतागंज' या हिंदी मालिकेतल्या मिश्री मौसीतही त्यांचं हे टायमिंग भाषा बदलूनही शाबूत आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं.

मध्येच साखळीचा खेळही रंगला. टिपऱ्यांच्या घरातून निघून 'दिल दोस्ती दुनियादारी' या मालिकेतल्या 'माजघर' नावाच्या घरात पोचायचं, कमीत कमी उड्यांत. उत्तर एकाच उडीत मिळतं: श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, त्यांची मुलगी सखी गोखले, आणि सखी म्हणजे माजघरातली रेश्मा. मग सगळ्यांना रेश्माच्या बघण्यात श्यामला दिसू लागली. मला डोळ्यांत खरंच साम्य वाटतं, बाकीचं आपण प्रेमापोटी शोधतो.

या आठवड्याचा सर्वोत्तम विनोद: आबांची अनुदिनी, म्हणजे रोजची डायरी, आजच्या रोजच्या मालिकेत असती तर पेन उघडताना तीनदा वीज कडाडली असती, घरातल्या प्रत्येकाचा चेहरा जवळून दिसला असता आणि तारीख लिहून व्हायच्या आत भाग संपला असता. हसू आलं, पण टिपरे इतके पुन्हा पुन्हा का बघावेसे वाटतात त्याचं कारणही त्यातच आहे. इथे गोष्ट एका भागात सुरू होऊन तिथेच पुरी होते, आणि घाई नसल्यामुळे गप्प बसलेल्या माणसालाही कॅमेऱ्यात जागा मिळते.

पुढचा बेत: आबांची नातवंडं शिऱ्या आणि शलाका एकत्र. त्यांची भांडणं वेगवेगळी बघण्यात अर्थ नाही, विकास कदम आणि रेश्मा नाईक एकमेकांची वाक्यं अर्ध्यावर झेलतात. त्यानंतर दूरदर्शनवरच्या जुन्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ'चे जे भाग हाती लागतील ते. तिथे ऐकून घेणारा गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे आहेत, आणि चिमणराव झालेले प्रभावळकर बोलत असताना गुंड्याभाऊकडेच बघायचं असं आधीच ठरलं आहे. कुणाकडे त्यातले भाग असतील तर कळवा, पाळी तुमच्या सोयीने लावू.