न फुटलेल्या पेशी

त्या शुक्रवारी प्लेट-रीडरवर ४९० नॅनोमीटरचे आकडे आले, तेव्हा निजेरिसिन हे पेशी मारणारे रसायन दिलेल्या सर्व वेलमधील (प्लेटच्या खळग्यांतील) एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्यावर द्रवात येणारे एन्झाइम, न दिलेल्या वेलइतकेच होते. टीएचपी-१ या मानवी पेशींचे पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) करायचे, एलपीएस हा जिवाणूंच्या आवरणाचा घटक देऊन चार तास थांबायचे आणि मग तासभर निजेरिसिन द्यायचे, हा प्रयोग आमच्याकडे इतका सरावाचा आहे की पेशी मेल्या नाहीत तर चूक करणाऱ्याची, असे धरूनच चालतात. त्याप्रमाणे विद्यार्थिनीला सर्वांसमोर बोलणी बसली आणि प्लेट टाकून द्यावी असे ठरले.

मी ती टाकण्यापूर्वी मायक्रोस्कोपखाली ठेवली. प्रत्येक पेशी फुगून टम्म झाली होती. कडा जवळजवळ पारदर्शक, मध्ये आक्रसलेले गोल केंद्रक, आणि तरीही ती तळाला घट्ट चिकटून होती. अखंड पटलातून आत न जाणारा प्रोपिडियम आयोडाइड हा रंग घातल्यावर काही मिनिटांत केंद्रके लाल झाली, म्हणजे पेशीपटलाला भोके पडलेली होती. सोमवारी एलायझा ही प्रथिन मोजण्याची चाचणी केली, तर दाहाचा निरोप देणारे इंटरल्युकिन-१ बीटा नेहमीइतकेच बाहेर आलेले होते.

निजेरिसिनमुळे पेशीतील पोटॅशियम बाहेर जाते, ते एनएलआरपी-३ या प्रथिनाला कळते, इन्फ्लमासोम हा प्रथिनांचा संच जुळतो आणि त्यातले कॅस्पेज-१ हे एन्झाइम गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन कापते. त्याचे तुकडे पटलात सुमारे २० नॅनोमीटर रुंदीची भोके पाडतात. १७ किलोडाल्टनचे इंटरल्युकिन त्यांतून सहज निसटते, पण सुमारे १४० किलोडाल्टनचे एलडीएच बाहेर पडायला पटल फाटावे लागते. पाणी शिरून ते आपोआप फाटते असा समज होता. प्रत्यक्षात पटल निंज-१ हे प्रथिन फाडते, हे २०२१ साली सिद्ध झाले. ग्लायसिन हे अमिनो आम्ल नेमके त्या प्रथिनाचे पुंजके होऊ देत नाही, म्हणून पटल फाटत नाही.

आणि ग्लायसिन विद्यार्थिनीच्या वहीत होते. पेशी वाढवण्याच्या माध्यमातील सीरममध्ये मुळातच एलडीएच असते, म्हणून तिने निजेरिसिन क्षारद्रावणात दिले होते, आणि ते द्रावण प्रयोगशाळेतल्याच एका जुन्या कागदावरून बनवले होते, ज्यात ५ मिलिमोलर ग्लायसिन लिहिलेले होते. तिने प्रत्येक घटकाचा लॉट क्रमांकसुद्धा टिपला होता. तिला दोष देणाऱ्यांपैकी एकानेही ती वही उघडून पाहण्याची तसदी घेतली नाही, याचा मला अजूनही राग येतो.

ग्लायसिनसह आणि ग्लायसिनशिवाय आम्ही तोच प्रयोग तीनदा केला आणि फरक तिन्ही वेळा तसाच आला. आता आमच्या तक्त्यातील ‘मृत्यू टक्के’ हा रकाना मी ‘पटलभंग टक्के’ असा केला आहे. परंतु आधीच्या कित्येक फायलींत, एखाद्या संयुगाने एलडीएच कमी झाले की आम्ही ‘पेशी वाचल्या’ असे लिहून मोकळे झालो आहोत. त्यांतल्या किती खरोखर वाचल्या आणि किती नुसत्या फुटायच्या राहून दाहाचा निरोप बाहेर धाडत होत्या, हे तपासायचे तर तेव्हाचे सुपरनेटंट (पेशींवरचा द्रव) हवेत. आणि उणे ८० च्या फ्रीझरमध्ये त्यांतले थोडेच जपून ठेवलेले सापडले.