पीळ उजवा की डावा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात रुजू होऊन दोन महिने झाले, तेव्हा पहिली पिळाची म्हैस आली. म्हणजे गर्भाशयाला पीळ पडलेली. दिवस भरलेले, सकाळपासून उठबस, पोटाला लाथा. पण कळा जोर धरत नव्हत्या आणि पाणमोटही फुटली नव्हती. हात घातला, योनिमार्गात पिळाच्या घड्या लागल्या, आणि पुढे काही सुचेना. कॉलेजात शिकले होते हे सगळं. पण तिथे एका म्हशीभोवती आम्ही वीस जण, आत हात एकाचाच. शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या सरांना बोलावलं. त्यांनी म्हैस लोळवली, मी दोर धरला.

त्या रात्रीपासून व्हिडिओ पाहायला लागले. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, म्हणून तिथे उभं राहून डाउनलोड करायचे आणि खोलीवर येऊन अर्ध्या वेगानं, आवाज बंद करून पाहायचे. परदेशी व्हिडिओ दिसायला देखणे. होल्स्टिन गाईचं चौथं पोट सरकलं की बरगड्यांवर टिचकी मारून स्टेथोस्कोपमध्ये येणारा तो ‘पिंग’ आवाज मी हेडफोन लावून पाठ केला. इथल्या गवळाऊ गाईंत आणि म्हशींत तो मला आजवर एकदाही ऐकू आलेला नाही. कामाला आले ते आपल्याच देशातले, हललेले, कोणाच्या तरी खांद्यानं अर्धे झाकलेले व्हिडिओ. त्यांत निदान म्हैस होती, दोर होता, माती होती.

त्यातल्या एकानं मात्र तीन रात्री खाल्ल्या. पुस्तकात स्पष्ट आहे: पीळ उजवा असेल तर म्हैस उजव्या कुशीवर पाडायची, वरच्या कुशीवर लांब फळी ठेवून तिच्यावर माणूस उभा करायचा आणि पीळ आहे त्याच अंगाला, म्हणजे उजवीकडे, म्हशीला पाठीवरून झटक्यात पलटवायचं. फळीखाली गर्भाशय जागीच दाबून राहतं, अंग फिरून त्याला गाठतं. उलटं फिरवलं तर पीळ आणखी आवळतो. व्हिडिओतला डॉक्टर ‘उजवा पीळ’ म्हणत होता आणि म्हैस होती डाव्या कुशीवर! चौथ्या रात्री कानातल्या पिवळ्या बिल्ल्याकडे लक्ष गेलं. बारा अंकी नंबर, पण सगळे आकडे उलटे. व्हिडिओच आरशासारखा फिरलेला होता. तेव्हापासून कोणताही व्हिडिओ आला की मी आधी कानापाशी थांबवते.

हाताला मात्र मोबाईल काही शिकवेना. मग ढेपेच्या रिकाम्या पोत्यात नारळ टाकला. आमचे परिचर काका पोत्याला मध्येच पीळ द्यायचे आणि मी डोळे मिटून हात घालायचे. ‘सांगा मॅडम, कोन्या अंगाला?’ मी हमखास चुकायचे, कारण माझी उजवी बाजू की म्हशीची, हाच घोळ. म्हशीच्या मागे उभं राहिलं की दोन्ही एकच, हे डोक्याला कळलं होतं, मनगटाला नव्हतं.

नोव्हेंबरात फोन आला. माणसं कापूस वेचायला गेलेली, सहा जण जमायला तास गेला. फळी मिळाली शेजारच्या घरकुलाच्या स्लॅबची, सेंट्रिंगची. कोठ्यात मी शेवटचा एकदा मोबाईल पाहत होते, तर दारातली आजी म्हणाली, ‘मोबाईलात पाहून करते काय वं हे पोरगी?’ मी ‘हो आजी’ म्हटलं आणि हात घातला. घड्यांबरोबर बोटं आपोआप उजवीकडे वळत गेली. गुदमार्गातून तपासलं, तर गर्भाशयाला धरून ठेवणारा डाव्या बाजूचा बंध वरून आडवा ताणलेला, उजवा खाली ओढलेला. उजवा पीळ. म्हशींत बहुतेक वेळा उजवाच असतो, पण ‘बहुतेक’वर फळी ठेवता येत नाही.

पहिल्या पलटीला काही नाही. दुसरीला घड्या सैल लागल्या. तिसऱ्या पलटीनंतर हात सरळ आत गेला आणि कोमट पाणी कोपरापर्यंत आलं. व्हिडिओत हे एकाच पलटीत होतं. बाकीच्या पलट्या कापून टाकतात, त्याचा माझा अजून राग आहे. शिवाय गर्भाशयाचं तोंड चारच बोटं उघडलेलं. अडीच तास आम्ही बसून होतो, दोनदा चहा झाला. ही वाट पाहणं कोणत्याच व्हिडिओत नाही.

वगार मेलेली निघाली. म्हैस संध्याकाळी कुटाराला तोंड लावत होती. मालक एवढंच म्हणाले, ‘म्हैस हाये न, मॅडम.’

त्यांच्या पोरानं सगळं शूट केलं होतं. त्यात फळी दिसते, दोर दिसतात, मी ओरडताना दिसते. हात आत असतानाची तेवढी माझी पाठ. पहिल्या दोन पलट्याही आहेत. गेल्या महिन्यात नव्यानं रुजू झालेल्या एका ज्युनियरनं पिळाबद्दल विचारलं, तेव्हा तो तसाच, न कापता पाठवला. खाली लिहिलं: ‘बिल्ला वाचून बघ, आकडे सरळ आहेत. पीळ उजवा.’