लव्हाळ्याने मेक्सिकन लॉन गिळलं, पण आंब्याखाली भुईमुगाने धरलं

जूनमध्ये लिहिलं होतं, मेक्सिकन गवताच्या लॉनचे पॅच सांधले, रोलर फिरवला, आता फक्त वाट बघायची. मध्ये एका सकाळी बाहेर आलो तर उन्हातल्या सगळ्या लॉनवर वीतभर पोपटी पाती. लव्हाळा! हरळी असती तर एवढा जीव तुटला नसता.

खुरप्याने उपटला की नुसती पात हातात येते. म्हणून एक पॅच कडेने कापून उलटा केला आणि खाली उकरत गेलो. आठ इंचांपर्यंत काळ्या, केसाळ गाठी, बारीक तारेसारख्या मुळीने एकीला एक जोडलेल्या. नखाने एक फोडली. आत पांढरी, आणि वास थेट उटण्यातल्या नागरमोथ्याचा. वरचा शेंडा तुटला की माळेतल्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. पंधरा दिवस रोज निंदूनही तो का वाढत होता ते तेव्हा कळलं.

आमच्या मुरमात हा कधीच नव्हता. आला तो नर्सरीतून आणलेल्या 'चाळलेल्या' तांबड्या मातीतून. यापुढे माती घेण्याआधी एक बादली ओली करून पंधरा दिवस उन्हात ठेवणार, कोंब येतो का बघणार, मगच पैसे. तुम्हीही हे कराच.

काळं प्लास्टिक अंथरून उपयोग नाही, तो टोकाने भोसकून वर येतो. उसात यासाठी हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारतात, पण नात इथेच रांगते. मी मारणार नाही.

आंब्याखाली मात्र एकही पात नाही. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. तिथे मेक्सिकन दोनदा विरळ होऊन गेलं होतं, म्हणून बहिणीने कोकणातून दिलेल्या शोभेच्या भुईमुगाच्या (गवताऐवजी जमिनीवर पसरवतात तो) बारा काड्या सहा-सहा इंचांवर टोचल्या होत्या. नऊ धरल्या! संध्याकाळी पानं मिटतात, ते बघायला मी रोज पायरीवर बसतो. काल पहिलं पिवळं फूल आलं.

उन्हातले पॅच फेकून रुंद पानाचं कार्पेट गवत लावायचं ठरवत होतो. पण आता हे लिहिताना सुचतंय, पॅच नळाखाली माती जाईपर्यंत धुवायचे, मेक्सिकनच्या काड्या सुट्या करून क्रेटमध्ये जगवायच्या. जमीन मेमध्ये खणून गाठी उन्हात वाळवायच्या, आणि पुढच्या पावसात काड्या परत टोचायच्या. भुईमूगही तोवर पसरेल, तो आंब्यापासून उन्हाकडे सरकवत नेईन. दोन क्रेट आत्ताच धुऊन ठेवलेत.