डेल्फ बी-१ची तोंडी परीक्षा आणि माझी होकारांची वही

फ्रेंच भाषेच्या डेल्फ परीक्षेत बी-१ पातळीला चार भाग असतात, प्रत्येकी २५ गुणांचे. १००पैकी ५० मिळाले की पास, पण एखाद्या भागात ५च्या खाली गेलात तर बाकीचे गुण कामाचे नाहीत. मला धास्ती होती ती तोंडीची, त्यातही मधल्या नाटुकल्याची. स्वतःची ओळख पाठ करता येते. शेवटी मत मांडायला आधी १० मिनिटं मिळतात. नाटुकल्यात मात्र परीक्षक शेजारी किंवा दुकानदार होऊन काहीतरी म्हणणार आणि आपण तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. माझी गाडी प्रत्येक वेळी 'वी'वरच, म्हणजे साध्या 'हो'वरच अडायची.

म्हणून होकारांची एक वही केली. बेत ठरला की 'दाकोर'. समोरच्याचं पटलं की 'तुताफे'. मित्रांत 'वी'ऐवजी सैलसर 'वे' चालतं, परीक्षकासमोर जपून. कॉफी विचारली आणि हवी असेल, तर 'ज व्हॉ बियाँ'. नुसतं 'मेर्सी', म्हणजे धन्यवाद, म्हणालात तर बहुतेक वेळा नकोच समजतात, बसा मग तसेच!

खरा वेळ खाल्ला 'सी'ने. 'तू येणार नाहीस?' असं विचारलं आणि येणार असलात तर 'सी', नसलात तर 'नों', म्हणजे नाही. आपलं 'हो, नाही येणार' तिथे चालत नाही. क्लासमध्ये हे एका वाक्यात उरकतात, ते मला अजिबात पटत नाही. ते कानांत मुरावं लागतं. मी बहिणीला कामाला लावलं. भांडी घासता घासता ती मराठीतून विचारायची, 'गॅस बंद केला नाहीस ना?' मी ओरडायचे, 'सी, सी!' आई वैतागून स्वतःच बघून यायची.

परवानगीचा मामला आणखी उलटा. 'सा व्हू देरांज?' म्हणजे तुम्हाला त्रास होईल का. तेव्हा खुशाल करा म्हणायला सुरुवात 'नों'ने: 'नों, आले-झी.'

परीक्षेत बाई माझ्या शेजारीण झाल्या. माझ्या घरी पार्टी, त्यांना झोप हवी. त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, 'म्हणजे तुम्ही गाणी बंद करणार नाही?' मी म्हटलं, 'सी, सी, बियाँ स्यूर (अर्थातच), दहा वाजता!' बाई हसल्या आणि पुढच्या भागाचा कागद ओढला. तिथे प्लॅस्टिकबंदीवर जेमतेम बोलले, तरी तोंडीत १८ आले.

पुढच्या पातळीला, बी-२ला, नाटुकलं नसतं, परीक्षकाशी वाद घालायचा असतो. त्याची तयारी दिवाळीनंतर.