कोणती भूल सुरक्षित? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, बाबांचं वय झालंय. पूर्ण भूल कशाला? कमरेतच द्या ना." रोबोटच्या मदतीने प्रोस्टेट काढण्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भूलतज्ज्ञ म्हणून, मी हे हमखास ऐकते.

नाही चालत. शेजारच्या काकांचं प्रोस्टेट लघवीच्या वाटेने दुर्बिणीतून खरवडलं होतं, तिथे कमरेतली भूल पुरते. इथे पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, टेबल २५ ते ४५ अंश डोक्याकडे झुकवतात आणि काही तास तसंच ठेवतात. आतडी छातीच्या पडद्यावर रेटतात. जाग्या माणसाला असा श्वास झेपणार नाही. रोबोटचे हात आत असताना नुसता खोकला आला तरी इजा होऊ शकते.

मग गॅस की शिरेतून? शिरेतून द्यायच्या प्रोपोफॉल या औषधाने उलट्या कमी होतात, डोळ्यांतला दाब कमी चढतो. त्या बळावर मी वर्षानुवर्षं 'शिरेतूनच' म्हणत आले. पण २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) या ऑपरेशनचे तीनच अभ्यास होते, मिळून १७० रुग्ण. दृष्टी जाण्यासारखी दुर्मीळ इजा एवढ्यांत दिसणार कशी?

आणि तो दिवस. ऑपरेशन लांबलं होतं, प्रोपोफॉल मीच चालवत होते. टेबल सरळ केलं, डोळ्यांवरच्या पट्ट्या काढल्या. इतका वेळ डोकं खाली राहून पापण्या टरटरून सुजलेल्या, मान जाड. हे सगळं मला दिसलं होतं. रुग्णाने माझा हात घट्ट दाबला, मान हलवली. मी श्वासाची नळी काढली. मिनिटभरात घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. ऑक्सिजन घसरला की उतरणारा मॉनिटरचा सूर खाली खाली जाऊ लागला. पुन्हा नळी घालायला गेले तर ओळखीचं स्वरयंत्र सुजेत सापडेना. दुसऱ्या प्रयत्नात गेली. रात्रभर आयसीयूत डोकं उंच ठेवलं, सकाळी नळी निघाली. ते सुखरूप घरी गेले.

"भूल जास्त झाली का हो?" त्यांच्या पत्नीने विचारलं. "सूज होती," मी म्हणाले. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. नळीभोवतीचा फुगा सोडून बाजूने हवा जाते का, म्हणजे सुजेत वाट उरली आहे का, हे मी नळी काढण्याआधी ऐकलं नव्हतं. औषध माझ्या आवडीचं होतं, घाईही माझीच होती.

काचबिंदू असेल तर आजही मी शिरेतूनच देते. बाकीच्यांनाही बहुधा तेच. सवय म्हणा, उलट्यांसाठी म्हणा. माझा सहकारी सेवोफ्लुरेन हा गॅस देतो, त्याचेही रुग्ण बरे होऊन जातात. यावर आमचा वाद अजून चालू आहे. फुगा सोडून कान मात्र आम्ही दोघंही लावतो.