तुम्ही विचारलेत म्हणून : फारसीच का?

विद्यापीठात मी फारसी घेऊन एम. ए. केले हे कळले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘फारसीच का? तिचा उपयोग काय?’ काही जण आवाज खाली आणून ‘आपली संस्कृत सोडून त्यांची भाषा?’ असेही विचारतात.

पेशवा, फडणीस, दप्तर हे शब्द फारसीतून आले, हे माझे नेहमीचे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे; तेवढ्यासाठी विद्यापीठात दोन वर्षे घालवावी लागत नाहीत. ‘त्यांची भाषा’ म्हणणाऱ्यांना मात्र मी आठवण देते, की शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तेव्हा ते काम करणाऱ्याला आधी फारसी शब्द नेमके कळावे लागले.

माझ्या मामांच्या देवघरात एक फारसी कागद होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहत असत, कारण पूर्वजाच्या पराक्रमाबद्दल मिळालेली ती सनद आहे, अशी घरातली समजूत होती. मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला असताना मामांनी तो माझ्यापुढे ठेवला. अक्षर शिकस्ता, म्हणजे घाईचे, मोडलेले, एकात एक गुंतलेले. त्यात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरची-खालची टिंबे, जवळजवळ नाहीत, आणि शब्दाच्या मध्ये आलेली बे, पे, ते, नून ही अक्षरे तर केवळ नुक्त्यांवरूनच ओळखायची असतात. मला ‘बख्शीद’ एवढे क्रियापद लागले. मराठी कानाला त्यात बक्षीस ऐकू आले आणि आधीचा शब्द लागलेला नसतानाच मी म्हणाले, “हो मामा, बक्षीसच दिले आहे.” त्यांनी तो कागद चौकटीत बसवून ओटीवर लावला आणि भावकीला जेवण घातले.

तीन वर्षांनी, असे पुष्कळ कागद नजरेखालून गेल्यावर, तो आधीचा शब्द लागला : ‘तकसीर’, म्हणजे अपराध. बख्शीदन म्हणजे देणे, तसेच क्षमा करणेही. पूर्वजाला इनाम मिळालेले नव्हते, त्याचा अपराध पोटात घातला गेला होता. ‘तकसीर माफ’ हे शब्द आपल्या जुन्या मराठी पत्रांतही भेटतात, तरी मला ते सुचले नव्हते. मी मामांना सांगितले. “एवढी शिकलीस, ती हे सांगायला?” एवढेच ते म्हणाले, कागद भिंतीवरून उतरवला आणि पुढे वारेपर्यंत माझ्यापाशी त्याचा विषय काढला नाही.

मी गप्प राहायला हवे होते का? तेव्हा मला खात्री होती, आज नाही. चूक माझी होती आणि ती सुधारण्याची किंमत त्यांनी मोजली. प्रवेशाच्या वेळी मी ठासून म्हणत असे, की फारसीवाचून मराठ्यांचा इतिहास कळणारच नाही. आज तसे म्हणवत नाही. पेशवे दप्तराचा फार मोठा भाग मोडीतला मराठीच आहे आणि फारसी न येणाऱ्यांनीही त्यावर मोलाचे काम केले आहे. तासिका तत्त्वावर शिकवून मिळणाऱ्या पैशांत घर चालत नाही, हेही कबूल करते. तरीही दुसऱ्याच्या वाचनावर विसंबणाऱ्याला वाचणाऱ्याने कोणता शब्द वगळला ते कधी कळत नाही, आणि तो शब्द मी स्वतः एकदा वगळलेला आहे.

मागच्या दिवाळीत मामेभाऊ तोच कागद घेऊन आला. “अपराध कसला होता, तेवढे वाच,” म्हणाला. शेवटच्या दोन ओळी मला अजून लागलेल्या नाहीत, आणि या वेळी मी त्याला तसेच सांगितले आहे.