आमची वाटचाल: पाट, झोपाळा आणि ओटा

आजोबा बडोद्यात सयाजीरावांच्या कलाभवनात सुतारकाम शिकले. १८९० साली सुरू झालेली ती शाळा, आधी कागदावर आराखडा आणि मग लाकडाला हात, ही शिस्त त्यांना तिथे लागली. वडिलांनी १९७८मध्ये दांडिया बाजारात दुकान थाटलं, तेव्हा मराठी घरांतून पाट, चौरंग, देव्हारे अशी मागणी असे. झोपाळा मात्र बडोद्यात सगळ्यांनाच हवा. त्याचे रंगीत खांब आम्ही संखेड्याहून आणायचो. तिथले खरादी, म्हणजे चरकावर लाकूड घडवणारे कारागीर, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने लाख वितळून रंग चढतो. ते काम त्यांनीच करावं.

पुढे बंगले पाडून फ्लॅट झाले. स्लॅबला कड्या नाहीत, म्हणून झोपाळा गेला आणि सोफा आला. झोपाळ्यावर आजी, नातू, शेजारीण दाटीवाटीने बसायची. सोफ्याने प्रत्येकाची जागा ठरवली आणि सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे फिरवली. आम्हीच ते विकले, तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

जेवणाच्या टेबलाचं उलट झालं. पाटावर आधी पुरुषांची पंगत, मागून बायका. टेबलाने सगळ्यांना एकत्र बसवलं, पण गरम पोळी करणारी भिंतीकडे तोंड करून उभीच! एका सूनबाईंनी शेगडी टेबलाकडे तोंड येईल अशी मागितली. सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर फोडणी घालायची?" बरीच वादावादी झाली, पण शेगडी फिरली. ते पाहून त्याच सोसायटीतल्या आणखी घरांनी तसंच करून घेतलं.

ओट्याच्या उंचीची गोष्ट तर आणखी मजेशीर. वर्षानुवर्षं गवंडी ठरवेल ती उंची. बायकांच्या कमरा दुखत होत्याच, पण कुणी विचारलं नाही. नवरे स्वयंपाकाला उभे राहू लागले आणि पहिल्याच महिन्यात "ओटा जरा वर घ्या" असे फोन सुरू झाले.

आता मकरपुऱ्यातल्या कारखान्यात काम सुरू करण्याआधी आम्ही घरात स्वयंपाक कोण करतं ते विचारतो, त्यांना उभं करून कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओट्याची खूण करतो. दोघांच्या उंचीत फार फरक असेल तर कणीक मळायचा भाग वेगळ्या उंचीवर ठेवतो. ग्रॅनाइट दोन तुकड्यांत कापावं लागतं, त्यामुळे खर्च थोडा वाढतो.